नव्यासारखो जालो!

आमच्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींची लोखंडी कपाटे आहेत. प्रत्येक फाईल किती वर्षे ठेवायची याची मुदत ठरलेली असते, आणि मुदत संपली म्हणून ती उचलून भंगारात घालता येत नाही. आधी यादी करायची, साहेबांची सही घ्यायची, काय नष्ट केले त्याची नोंद रजिस्टरात करायची. गेली वीस वर्षे मी हे काम करतो आहे. घरचे थट्टा करतात, "एक कागद फाडायला तुम्हांला तीन सह्या लागतात!" लागतात खऱ्या. आणि अशा या माणसाने आपल्या वडिलांचे सहा वर्षांचे दप्तर, कोणाचीही सही न घेता, बाजारातल्या एका दुकानाच्या काउंटरवर पाच-दहा मिनिटांत पुसून टाकले. आज त्याचीच कबुली द्यायची आहे.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. देवळाच्या उत्सवातल्या नाटकांत त्यांनी तीसेक वर्षे कामे केली. आवाज गेला तेव्हा पेटीवर बसले, बोटे थरथरू लागली तेव्हा प्रॉम्प्टिंग करू लागले. २०१९ साली आम्ही त्यांना एक अँड्रॉइड फोन घेऊन दिला. आधी "हे नको रे मला" म्हणाले, आणि महिन्याभरात त्यात रेकॉर्डिंग करायला शिकले. मग त्यांना नादच लागला. गावातल्या जुन्या नटांकडे जायचे, त्यांना पदे म्हणायला लावायचे, कोणत्या बुवांनी कोणती जागा कशी घेतली ते विचारायचे. पौषात वाड्यावरच्या बायका धालो घालायच्या, तेव्हा मांडाच्या कडेला खुर्ची टाकून ते फोन धरून बसायचे. त्यांनी ज्यांचे आवाज टिपले त्यांतले निम्मे लोक आज हयात नाहीत.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले. तेरावा झाल्यावर आईने फोन माझ्या हातात दिला. गॅसचे बुकिंग, बँकेचा ओटीपी, सगळे त्याच नंबरावर येत होते. फोनला पॅटर्न होता आणि तो कोणालाच ठाऊक नव्हता. आम्ही पाच-सहा आकडे-वाकडे पॅटर्न काढून पाहिले. फोन म्हणू लागला, "तीस सेकंद थांबा." त्याचे ऐकून आम्ही थांबलो असतो तर किती बरे झाले असते!

दुकानातला मुलगा विशी-बाविशीचा होता. त्याने फोन उलटसुलट करून बघितला. "पॅटर्न खबर ना? मागीर रिसेट मारचें पडटलें. फोटो-बिटो वतले हां सर, चलता मूं?" मी म्हटले, "चलता." फोटो तर गुगलवर असतातच, अशी माझी समजूत. त्याने आवाजाचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून धरले, इंग्रजीत काही ओळी आल्या, त्याने एक निवडली. थोड्या वेळाने फोनने रंगीत अक्षरांत स्वागत केले. नंतर बाबांचे गुगल खाते आणि पासवर्ड मागितला. खाते माझ्या मुलानेच उघडून दिले होते, त्यामुळे तोही अडथळा पार झाला. मुलगा खूश होऊन म्हणाला, "जालें सर! फोन नव्यासारखो जालो!"

घरी येऊन बघतो तर लोकांचे नंबर परत आले, थोडेफार फोटो आले, आणि रेकॉर्डिंग एकही नाही. ती फक्त फोनच्याच पोटात होती. बॅकअप कोणी चालूच केला नव्हता, आणि मेमरी कार्ड घातलेले नव्हते. दोन दुकाने फिरलो. एकाने पाचशे रुपये घेऊन तीन दिवस फोन ठेवून घेतला आणि मान हलवत परत दिला.

पुढे चवथीच्या साफसफाईत बाबांची पदांची वही सापडली. शेवटच्या पानावर नऊ ठिपके काढलेले, आणि त्यांतून गेलेली एक रेघ. सुरुवात कुठून करायची तिथे बारीक अक्षरात "१" लिहिलेला. मास्तरच ते! सगळे लिहून ठेवायची सवय. आम्हीच शोधले नाही.

मंडळी, मी कला शाखेचा पदवीधर, यंत्रांतले मला फारसे कळत नाही. पण या प्रकारानंतर सहा महिने मी याच विषयामागे लागलो, जाणकारांना विचारले, वाचले. आपण 'रिसेट' हा शब्द फार हलक्या हाताने वापरतो असे माझे आता पक्के मत झाले आहे. पंखा बंद करून पुन्हा चालू करावा तसे आपण रिसेटकडे बघतो. ते म्हणजे 'रीस्टार्ट'. 'फॅक्टरी रिसेट' ही दुरुस्ती नव्हे, तो नाश आहे. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर यादी, सही आणि नोंद यांशिवाय केलेला अभिलेखनाश.

पूर्वी असे नव्हते. अँड्रॉइडच्या ४.४ आवृत्तीपर्यंत पॅटर्न विसरला तर गुगल खात्याचा पासवर्ड घालून फोन उघडता यायचा. पुष्कळांच्या डोक्यात अजून तेच आहे. नंतर ती सोय गेली. नव्या फोनांत सगळा मजकूर कुलूपबंद लिपीत साठवतात, आणि २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना हे सक्तीचे झाले. त्या लिपीची किल्ली फोनच्या आतच असते, आणि ती तुमच्या पॅटर्नशी किंवा पिनशी जोडलेली असते. रिसेट केले की किल्ली नष्ट होते. समजा चिपवर काही अक्षरे उरली, तरी ती वाचणारे जगात कोणी नाही. म्हणून "सॉफ्टवेअर टाकून काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मी दिले, ते बुडाले.

गंमत म्हणजे जुन्या फोनांची गोष्ट नेमकी उलटी. २०१४ साली अवास्ट या कंपनीने इंटरनेटवरून वीस वापरलेले अँड्रॉइड फोन विकत घेतले. विकणाऱ्यांनी ते आपल्या परीने पुसलेले होते, तरी त्यांतून चाळीस हजारांहून अधिक फोटो परत निघाले! पुढच्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २१ जुने फोन तपासून दाखवून दिले की त्या काळातले रिसेट नीट पुसतच नसे. म्हणजे जे जायला हवे होते ते राहत होते, आणि आज जे राहायला हवे ते जाते. तुमच्या टेबलाच्या खणात दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा फोन पडलेला असेल तर तो भंगारवाल्याला किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी विचार करा. सेटिंगमध्ये 'एन्क्रिप्ट फोन' असा पर्याय असला तर तो आधी वापरा आणि मगच रिसेट करा.

आता कोणी म्हणेल, मग कुलूपच वाईट. तसे मी म्हणणार नाही. रिसेटनंतर जुने गुगल खाते मागण्याची पद्धत २०१५ साली अँड्रॉइड ५.१ मध्ये आली, ती चोरांसाठीच. चोराने फोन पुसला तरी तो त्याला सरळ वापरता येऊ नये हा तिचा हेतू. भारतात मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलवर हरवलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो फोन बंदही पाडता येतो. रिसेट केल्याने तो क्रमांक बदलत नाही. *#०६# दाबले की तो दिसतो, आजच लिहून ठेवा. ही कुलपे आहेत म्हणून आपल्या बँका आणि आपल्या लेकीसुनांचे फोटो शाबूत आहेत. कुलूप चांगलेच आहे, पण किल्ली एकट्याकडेच ठेवून माणूस गेला की घरच्यांना ते कुलूप आणि चोराला लावलेले कुलूप सारखेच.

दुसरा एक प्रश्न माझ्या मेहुण्याने विचारला, आणि तो मला बोचला. "मामांनी फोनला कुलूप लावले होते. ते उघडायचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येक माणसाला चार गोष्टी आपल्यापुरत्या ठेवायचा हक्क असतो, आणि मेल्यावर तो हक्क संपतो असे मला वाटत नाही. पण म्हणूनच ही गोष्ट माणूस हयात असताना बोलायला हवी. काय ठेवायचे, कोणाला द्यायचे, काय न बघता पुसायचे, हे त्यानेच सांगावे. बाबांनी आपल्या परीने सांगितलेही होते. पॅटर्न त्यांनी पासबुकात लिहिला नव्हता, पदांच्या वहीत लिहिला होता.

आपल्या गोव्याला नष्ट झालेल्या दप्तरांचे दुःख नवे नाही. सोळाव्या शतकात इथली देवळे मोडली, पोथ्या गेल्या. तरीसुद्धा रोमन लिपीत उतरवलेली त्या काळची कोकणी-मराठी हस्तलिखिते पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात शिल्लक राहिली, आणि शतके उलटल्यावर आपल्या अभ्यासकांना ती वाचता आली. परक्याच्या कपाटात कागद एवढी वर्षे टिकला. बाबांनी टिपलेले आवाज त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या हातात पंधरा दिवस टिकले नाहीत. इथे कोणा परक्याला दोष देण्याचीही सोय नाही. त्या दुकानातल्या मुलालाही मी दोष देत नाही. त्याने मला विचारले होते, आणि "चलता" मी म्हटले होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. कोणी "रिसेट मारूया" म्हणाले की आधी थांबा. फोनची घाई आहे की नंबराची? नंबराची असेल तर सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनात घाला, ओटीपी तिथे येतील. आम्हांला हे त्या दिवशी सुचले असते तर पुढचे काहीच घडले नसते. मेमरी कार्ड असेल तर ते आधी बाहेर काढा. ज्याचा फोन आहे त्याच्या वह्या, डायऱ्या, कपाटाची दारे बघा. कुलूपबंद फोन पडून राहिला म्हणून बिघडत नाही. तो कपाटात ठेवा, वर्षाने पॅटर्न सापडला तर वर्षाने उघडेल. पुसलेला मात्र कधीच उघडणार नाही.

फोन विकायचा असेल तर क्रम उलटा. आधी हवे ते दुसरीकडे उतरवून घ्या आणि ते तिथे उघडते का ते बघा. मग सेटिंगमध्ये जाऊन गुगल खाते काढा, स्क्रीन लॉक काढा, सिम आणि कार्ड काढा, आणि शेवटी रिसेट करा. खाते तसेच ठेवून पुसलात तर घेणारा बिचारा तुमचा पासवर्ड मागत दारात येईल.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी एकदा बोला. बोटाच्या ठशावर विसंबू नका, फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की तो पॅटर्न किंवा पिनच मागतो. तो एका लिफाफ्यात घालून कपाटात ठेवायला सांगा. गुगलमध्ये २०१३ पासून 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर त्यातले काय कोणाला मिळावे हे त्यात आधीच नेमून ठेवता येते, बँकेतल्या नॉमिनीसारखे. हे केले नाही तर दोन वर्षे न वापरलेले खाते आतल्या फोटोंसह काढून टाकले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून गुगलने तसे सुरूही केले आहे.

असो. माझा धाकटा भाऊ बोटीवर असतो. बाबांनी एकदा त्याला व्हॉट्सॲपवर एक रेकॉर्डिंग पाठवले होते, दोन मिनिटांचे. ते त्याने पुसले नव्हते. बाबा पेटीवर आहेत, गावातले एक म्हातारे नट पद म्हणत आहेत, मध्येच ते ओळ विसरतात आणि बाबा मागून ती ओळ हळूच सांगतात. मागे कुठेतरी आई चहाला हाक मारते. मी आता ते तीन ठिकाणी ठेवले आहे, आणि कुठे कुठे ठेवले ते बाबांच्या त्याच वहीत, नऊ ठिपक्यांच्या खाली लिहून तारीख घातली आहे.