लायोलची मधमाशी आणि तिएरचे हात

फ्रान्समधील लायोल चाकूच्या पाठीवर, पात्याच्या सांध्यापाशी, एक मधमाशी बसलेली असते. गावच्या सैनिकांचे शौर्य पाहून नेपोलियनने आपले हे राजचिन्ह गावाला बहाल केले, ही कथा विक्रेते सांगतात आणि संग्राहक भक्तिभावाने पुढे पाठवतात. आता सनावळी पाहावी. वॉटर्लू १८१५, नेपोलियनचा मृत्यू १८२१, आणि ज्या झाँ-पिएर काल्मेल्सला पहिल्या लायोल चाकूचे श्रेय दिले जाते, त्याचा चाकू १८२९ चा. मधमाशी त्या चाकूवर रूढ झाली ती तर विसाव्या शतकात. पात्याला दाब देणाऱ्या स्प्रिंगच्या टोकाला कारागिरांच्या बोलीत 'माशी' म्हणत. जुन्या चाकूंवर ते टोक बहुधा साधेच असे.

ही दंतकथा निरुपद्रवी म्हणून सोडून देता आली असती. पण तिच्याच पोटात दुसरी, अधिक अन्यायकारक समजूत दडलेली आहे : लायोल गावात घडलेला तो अस्सल, तिएर शहरात घडलेला तो नकली.

काहीशे युरो मोजून घडीचा चाकू घेणारे हौशी दोन चाकूंची तुलना करतात, तेव्हा त्यांची नजर खरोखर तीक्ष्ण असते. मिटल्यावर पाते मुठीच्या बरोबर मध्यभागी बसते का, स्प्रिंग आणि पत्रे यांच्यात फट दिसते का, कानशीने कोरलेली नक्षी हाताची आहे की यंत्राची, हे सारे ते भिंगाखाली पाहतात. एवढी चिकित्सा करून अखेरचा निवाडा मात्र गावाच्या नावावर सोडून देतात.

लायोल हे ओब्राकच्या पठारावरचे गुराख्यांचे गाव. चाकूला पुढे आरी जोडली गेली. पोट फुगलेल्या जनावराला टोचून वायू मोकळा करण्यासाठी ती वापरत, असे सांगतात. १८८० च्या सुमारास बूच काढण्याचा मळसूत्री खिळा आला, कारण पठारावरची माणसे पोटासाठी पॅरिसला जाऊन कॅफे चालवू लागली होती. म्हणजे ज्या आकाराला आज 'मातीतला' म्हणून मिरवले जाते, तो घडण्यात स्थलांतराचाही वाटा आहे.

आणि तिएर? मध्ययुगापासून चाकू घडवणारे हे शहर. तिथल्या द्युरोल नदीच्या पाण्यावर सहाणेची चाके फिरत आणि धार लावणारे कारागीर त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर पोटावर झोपून काम करीत. तासन्‌तास ओल आणि गारठा. पायांना ऊब मिळावी म्हणून पाळलेली कुत्री त्यांच्या पायांवर झोपत. सहाणेच्या पिवळट चिखलाने माखल्यामुळे त्यांना 'पिवळ्या पोटाचे' हे नाव पडले. पहिल्या महायुद्धानंतर लायोलमधला धंदा जवळजवळ बसला, तेव्हा हा चाकू जिवंत ठेवला तो तिएरच्या कारागिरांनी. गावात चाकूचे उत्पादन पुन्हा उभे राहिले ते १९८० च्या दशकात. फिलीप स्टार्क या नामांकित डिझायनरने आखलेला, छपरातून १८ मीटर उंचीचे पाते वर काढलेला कारखाना १९८७ चा. वारसा म्हणून त्याचीच छायाचित्रे फिरतात. पाते उंच आहे खरे. परंपरेत मध्ये पडलेला खंड त्यामागे झाकून जातो.

यावर गावाच्या बाजूने एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका व्यावसायिकाने 'लायोल' हे नाव अनेक वर्गांत व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले. परदेशातून आयात केलेल्या वस्तूंवरही ते झळकू लागले. २०१२ मध्ये न्यायालयात गावाच्या विरोधात निकाल गेला, तेव्हा गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरवली. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. परंतु नाव भाड्याने देणारा व्यापारी आणि पिढ्यान्‌पिढ्या पाती घासणारा तिएरचा कारागीर यांना एकाच 'नकली' या शब्दात कोंबणे म्हणजे चोराला सोडून शेजाऱ्याला धरणे होय.

पात्यावर 'लायोल' कोरलेले असले, तर त्यावरून फार तर चाकूचा घाट कळतो. तो कोणी घडवला हे शोधायचे असेल, तर मधमाशीवरून नजर काढून पात्याच्या मुळाशी निर्मात्याचा शिक्का आहे का ते पाहावे, आणि तिथे तिएरच्या एखाद्या कार्यशाळेचे नाव निघाले तर चाकू परत करण्याची घाई करू नये.