‘न पोहोचलेले’ म्हणजे कोण?

इंग्रजी मिशनरी साहित्यात ‘अनरीच्ड पीपल्स’ असा एक शब्दप्रयोग चांगला रुळला आहे. जगभरातल्या ख्रिस्ती मंडळ्या या लोकांसाठी रोज प्रार्थना करतात. आज एक जमात, उद्या दुसरी. अशीच एक प्रार्थना-पुस्तिका मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मी या दोन शब्दांपाशी अडले. ‘न पोहोचलेले लोक’ म्हणावं, तर मराठीत त्याचा अर्थ होतो यायला उशीर झालेले लोक. पंगत बसली, पाहुणे अजून पोहोचले नाहीत, तसे. आपलं ‘पोहोचणं’ अकर्मक आहे. जो निघतो तोच पोहोचतो. दुसऱ्या कुणाला ‘पोहोचलं’ जात नाही. मग लिहावं लागतं, ‘ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचलेली नाही असे लोक’. इंग्रजीत दडून राहिलेला कर्ता इथे उघडा होतो, आणि कर्ता उघडा झाला की विधान तपासता येतं. मी रायपुरात राहते. निदान माझ्या भोवतालच्या मुलखापुरतं हे विधान खोटं आहे.

जर्मन इव्हँजेलिकल मिशनचा ऑस्कर लोर १८६८ साली इथे आला आणि त्याने विश्रामपूर वसवलं. गुरू घासीदासांचे सतनामी मूर्ती मानत नाहीत, एका सत्यनामाला मानतात, हे कळल्यावर त्याला वाटलं की पीक कापणीला आलंच आहे. ती आशा फळली नाही. थोडे लोक आले आणि येताना आपले नातेसंबंध, लग्नाचे नियम, जातीची घडी घेऊन आले. मिशनच्या नियमांशी त्यांची घासाघीस पिढ्यान्‌पिढ्या चालली. बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि ते सतनामीच राहिले. पुढे १८९९ मध्ये दुष्काळाच्या काळात मेनोनाइट धमतरीला आले. शाळा झाल्या, कुष्ठरुग्णांसाठी आश्रम झाले, दवाखाने झाले. त्या दवाखान्यांनी या भागातल्या कितीतरी घरांतली माणसं वाचवली, आणि हे नाकारणारा माणूस मला कृतघ्न वाटतो. पण मग ‘पोहोचलं नाही’ ते नेमकं काय?

याचं उत्तर व्याख्येत आहे. अशा याद्या ठेवणाऱ्यांत सर्वांत परिचित असलेल्या जोशुआ प्रोजेक्टच्या मते, ज्या समूहात इव्हँजेलिकल ख्रिस्ती २ टक्के किंवा त्याहून कमी आणि एकूण ख्रिस्ती ५ टक्के किंवा त्याहून कमी, तो समूह ‘अनरीच्ड’. म्हणजे ऐकलं की नाही ऐकलं, हा प्रश्नच नाही. तुम्ही दीडशे वर्षं ऐकलंत, विचार केलात आणि हात जोडून ‘नको’ म्हणालात, तरी यादीत तुम्ही न पोहोचलेलेच. या तक्त्यात नकाराचा रकाना नाही. हीच व्याख्या लावली तर मराठा, कुणबी, तेली, ब्राह्मण हेही न पोहोचलेले ठरतात. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चं आणि केरीचा मराठी नवा करार १८११ चा असूनही! चारशे वर्षं ज्या भाषेत हा संवाद चालला, त्या भाषेची माणसं अंधारात चाचपडत आहेत, असं समजून कुणीतरी दूरदेशी डोळे मिटून बसलं आहे.

या हिशेबी दृष्टीचं एक मूळ छत्तीसगडातच आहे, हे इथल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. दमोहला जन्मलेला डोनाल्ड मॅकगॅव्हरन अनेक वर्षं बिलासपूरकडे तखतपूरच्या परिसरात सतनाम्यांमध्ये काम करत होता. एकेक माणूस वेगळा काढून बाप्तिस्मा देण्यापेक्षा अख्खा समूह हलवावा, हा त्याचा सिद्धान्त. माणसांना आपल्या वंशाची, भाषेची, वर्गाची हद्द न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडतं, असं त्याचं निरीक्षण. १९५५ मध्ये त्याने ते ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’मध्ये मांडलं, १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत मिशन-अभ्यासाची शाळा काढली. तिथेच शिकवणाऱ्या राल्फ विंटरने १९७४ साली लोझानच्या परिषदेत ‘समूह’ मोजण्याचा आग्रह धरला, आणि यादीयुग सुरू झालं.

भारतात ‘समूह’ म्हणजे काय? यादीवरून बोट फिरवा: बहुतेक नोंदी जातींच्या आहेत. देवापुढे सारे सारखे, हे सांगायला निघालेल्यांनी माणसं जातवार मांडून ठेवली आहेत. जातीपातीचं जू झुगारायला सतनामपंथ उभा राहिला, आणि त्याच्या अनुयायांना या वहीत पुन्हा एक जात म्हणून जागा मिळाली.

कुणी म्हणेल, प्रार्थनेने कुणाचं काय बिघडतं? मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेने काहीच बिघडत नाही. मंडळीत बसून केलेल्या प्रार्थनेवर कुणी बंदी घालायला आलं, तर मी मंडळीच्या बाजूने उभी राहीन. आपला धर्म दुसऱ्याला सांगण्याचा हक्कही मला मान्य आहे. पण जातवार, टक्केवारीसह छापलेली यादी ही नुसती प्रार्थना उरत नाही. ती दुसऱ्या बाजूच्या हाती आयता पुरावा म्हणून पडते. ती नाचवून सांगता येतं, ‘बघा, तुमच्या जातीवर यांचा डोळा आहे.’ यादी करणारे दूर सुरक्षित असतात. किंमत मोजतो तो बस्तरमधला गावातला ख्रिस्ती. जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाडा गावातल्या एका पाद्रीचं शव जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होतं, कारण गावात पुरू देणार नाही असा विरोध होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि शेवटी २०-२५ किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश मिळाला. ज्या गावात वाडवडील पुरले त्या गावाची माती त्याला मिळाली नाही. यादीचा आधार घेऊन त्या मुलाच्या वाटेत उभं राहणाऱ्यांना माझा लेख आपल्या बाजूचा वाटत असेल, तर त्यांनी पुढचा परिच्छेद नीट वाचावा.

कारण त्यांचंही व्याकरण तेच आहे. १९६८ चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा, जो पुढे छत्तीसगडला वारशाने मिळाला, बळाने किंवा आमिषाने धर्मांतर करवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगत होता. धर्मांतरित व्यक्ती अल्पवयीन, स्त्री, अनुसूचित जातीची वा जमातीची असेल तर दोन वर्षांपर्यंत. चाळिशी ओलांडलेली, एम.ए. झालेली मी आणि शाळकरी पोर एकाच ओळीत! त्या कायद्याविरुद्ध लढलेले रेव्हरंड स्टॅनिस्लाउस यांचा खटला इथलाच, बलौदाबाजारचा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. चर्चा झाली ती धर्मांतर करवणाऱ्याच्या हक्काची. आपणहून धर्म बदलणारा माणूस बाजूलाच राहिला. एक बाजू म्हणते ‘यांना आणलं पाहिजे’, दुसरी म्हणते ‘यांना परत आणलं पाहिजे’. आदिवासी आणि सतनामी दोन्ही वाक्यांत कर्म आहेत.

मराठीला याहून चांगलं वाक्य माहीत आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला, म्हणजे आमच्याच मुलखात, निघाले होते. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, वाद घातला, घरादाराचा रोष पत्करला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागोमाग ओढल्या गेल्या नाहीत; त्यांनी काही वर्षं घेतली, स्वतःची कारणं शोधली, आणि ‘स्मृतिचित्रे’त ती आपल्यापुढे मांडली. टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्या सहप्रवाशाने पुस्तक दिलं, एवढंच. पोहोचले ते टिळक.

ती पुस्तिका मी परत पाठवली, सोबत एक चिठ्ठी जोडून: यादीत एक रकाना वाढवा, ‘यांनी ऐकलं आणि नाही म्हटलं’. तो रकाना भरला की प्रार्थनेचा मजकूर आपोआप बदलेल. ज्याने नाही म्हटलं त्याच्यासाठी देवाकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे: पाऊस, चांगला दवाखाना, पोरांना शाळा, आणि मेल्यावर आपल्या गावात साडेतीन हात जमीन. हो म्हणणाऱ्यासाठीही हेच मागावं लागतं.