डिफॉल्ट कोणासाठी?

"कॉन्फिगरेबल आहे ना, मग झालं!" आपल्या धंद्यात हे वाक्य फार ऐकू येतं. टीममध्ये दोन पर्यायांवर एकमत होईना, की टाका कॉन्फिग फाइलमध्ये आणखी एक ओळ आणि ठरवू दे वापरणाऱ्याला. माझ्या मते ही चक्क ढकलाढकली आहे. बहुतेक लोक ती फाइल उघडतच नाहीत. तुम्ही दिलेलं डिफॉल्ट, तेच त्यांचं सॉफ्टवेअर.

मोंगोडीबीचंच घ्या. जुन्या आवृत्त्या (काही पॅकेजेस सोडली तर) बसवल्या बसवल्या सगळ्या नेटवर्कसाठी दार उघडं ठेवायच्या, आणि पासवर्डही मागायच्या नाहीत. हे बदलता यायचं, डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलेलंही होतं. तरीही जानेवारी २०१७ मध्ये असे उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसले गेले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी उरली. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून डिफॉल्ट फक्त लोकलहोस्टपुरतं झालं. एवढासा बदल, पण आधी किती जणांना महागात पडला!

बरं, डिफॉल्ट नुसतं सुरक्षित असून भागत नाही, ते दिसलंही पाहिजे. ओपनएसएसएचच्या सर्व्हरची मूळ कॉन्फिग फाइल बघा. बहुतेक ओळी कॉमेंट केलेल्या, पण प्रत्येकीत डिफॉल्ट किंमत लिहिलेली. काहीच बदललं नाही तर काय होईल, ते तिथेच वाचता येतं.

पोस्टग्रेसची फाइलही अशीच आहे, पण तिथे एक गंमत आहे. क्वेरीच्या टाइमआउटला ० दिलं तर टाइमआउट बंद. स्लो क्वेरी लॉग करण्याच्या सेटिंगला ० दिलं तर प्रत्येक क्वेरी लॉग होते! ते बंद करायला -१ लागतं. फाइल एकच, शून्याचे अर्थ दोन. शेजारी कॉमेंटमध्ये खुलासा आहे, मान्य. पण सरळ 'बंद' असं लिहायची सोय का नको? एककांच्या बाबतीत मात्र पोस्टग्रेस शहाणं आहे, '३० सेकंद' असं एककासकट लिहिता येतं. नुसतं ३० दिसलं की सेकंद की मिलिसेकंद, हे रात्री दोनला कोण शोधत बसणार?

म्हणून नवीन सेटिंग घालताना मी एकच प्रश्न विचारतो: शुक्रवारी संध्याकाळी घाईत इन्स्टॉल करून, फाइल न उघडता घरी गेलेल्या माणसाचं सोमवारी काय होईल? उत्तर देता येत नसेल, तर सेटिंग अजून तयार नाही. निर्णय आपला आहे, तो आपणच घ्यावा.