बॅटरी मरत नाही, आपण मारतो



आज पिकाचं नाही, गाडीच्या बॅटरीचं लिहितो. शेतीच्या पानावर हे कशाला, असं काही जण म्हणतील. आधी वाचा, मग बोला.

मागच्या रब्बीत हरभऱ्याला पाणी चालू होतं. रात्रीची लाईट. दीडच्या सुमाराला पुतण्याच्या पायाला काहीतरी चावलं. साप का विंचू, अंधारात कळेना. गाडी बांधावर उभी. सेल्फ मारला तर नुसतं टिक टिक. किक मारून पाय भरून आले, गाडी काही चालू होईना. शेवटी शेजारच्या वस्तीवर पळत जाऊन दुसरी गाडी आणली. यात पाऊण तास गेला. दवाखान्यात कळलं, विंचू होता. पोरगं वाचलं. पण साप असता तर? त्या पाऊण तासाचा जाब मी भावाला काय दिला असता?

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर जाऊन भांडलो. चार वर्षांतली ती तिसरी बॅटरी. "हल्ली मालच हलका येतो," हे आपलं ठरलेलं वाक्य. मीही तेच बोललो. घरी येऊन कागदावर हिशोब केला आणि गप बसलो. दोष माझाच होता.

हिशोब ऐका. दारं धरताना उजेड पाहिजे म्हणून मी गाडीला २० वॅटचा एलईडी लावला होता, वायर थेट बॅटरीला. इंजिन बंद, लाईट चालू. १२ व्होल्टवर २० वॅट म्हणजे साधारण १.७ अँपिअर. माझी बॅटरी ४ अँपिअर-अवरची. म्हणजे अडीच तासांच्या आत ठणठण गोपाळ. अर्धा तास जळला तरी पाचवा हिस्सा गेला. आणि भरायची कधी? घर ते शेत दीड किलोमीटर, त्यात दिवसातून दहा वेळा सेल्फ. अशी अर्धी उपाशी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. तो घट्ट झाला की कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही.

वैरण न टाकता बैल रोज औताला जुंपायचा आणि तो बसला की म्हणायचं, बैलच खोटा निघाला! बैलाच्या बाबतीत असं केलं तर गाव तोंडात शेण घालेल. बॅटरीच्या बाबतीत आपण सगळे हेच करतो.

कुणी म्हणेल, किक आहे की. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ठीक होतं. २०२० पासून बीएस-६ आल्या. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर चालतो. बॅटरी पार बसली तर बऱ्याच गाड्या किकलाही दाद देत नाहीत.

दुसरं पाप पाण्याचं. ज्या बोरच्या पाण्याने आपल्या ड्रिपरची तोंडं बंद होतात, तेच पाणी बॅटरीत ओततो! पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या रेघेपर्यंतच. ॲसिड ओतू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. सीलबंद बॅटरी तर उघडूच नका.

तिसरं पाप फवारणी पंपाच्या चार्जरचं. त्यावर बहुतेक १.७ अँपिअर छापलेलं असतं. गाडीच्या बॅटरीला तिच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने चार्ज करावं. ४ ची असेल तर ०.४. नाहीतर तापते, फुगते.

आणि गॅरेजवाल्या भावांनो, तुम्हालाही सांगतो. मीटर न लावता "बॅटरी गेली, नवीन टाका" म्हणणं बंद करा. नाडी न बघता सुई टोचण्यासारखं आहे ते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ च्या वर दाखवली तर भरलेली आहे. १२.४ च्या खाली आली तर चार्जिंगला लावा. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदा दिसलं पाहिजे. आकडा चढतच नसेल किंवा १५ च्या वर जात असेल, तर रोग रेग्युलेटरमध्ये नाहीतर कॉइल-वायरिंगमध्ये आहे. तिथे नवीन बॅटरी टाकली तर तीही मरणार, आणि पैसे शेतकऱ्याचे जाणार.

साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एका फवारणीच्या औषधाइतकेही पैसे नाहीत.

मी एलईडी काढला, दारं धरायला वेगळी टॉर्च घेतली. शेतात गेल्यावर सेल्फ नाही, किक. आठवड्यातून एकदा गाडी तालुक्यापर्यंत सलग पळवतो. पंधरा दिवसांनी मीटर लावतो. सहाय्यक कृषी अधिकारी साहेब, तुम्हीही गाडीवरच फिरता. शिवारफेरीत माती-पाण्याबरोबर हेही दोन शब्द सांगा.

नाही पटलं तर खुशाल भांडा. पण आधी मीटर लावून या.