दुकानात मुलाचा हिस्सा किती?

बारामती-इंदापूर भागातील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांची एक तक्रार नेहमी कानी येते. पोरगा गॅरेजवर थांबत नाही, फळांच्या गाड्यावर उभे राहायची त्याला लाज वाटते, त्याला नोकरीच हवी. शिकून डोके फिरले, असा निकाल देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. आम्हाला हा निकाल मान्य नाही.

या मुलांच्या डोळ्यांसमोर काय आहे ते पाहा. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी वाहने तयार होतात. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनविले आहेत. आयटीआय झालेल्या मुलाला अशा ठिकाणी जावेसे वाटले तर वावगे काय? तेथे कंत्राटी काम मिळाले तरी पगाराचा आकडा ठरलेला असतो. अब्बांच्या गॅरेजमध्ये तो दिवसभर राबतो आणि संध्याकाळी मोबाईलच्या रिचार्जसाठी हात पसरतो. गल्ल्यात किती जमले हे विचारले, तर ती बेअदबी!

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशातील मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते. म्हणजे हा प्रश्न दोन-चार घरांचा नाही.

आपल्या भागातला धंदा उसावर चालतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे गाळप सुरू होण्याआधी ट्रॉलीचे वेल्डिंग, ट्रॅक्टरची दुरुस्ती होते, आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘उसाचं बिल आलं की देतो.’ ही उधारी बहुधा अब्बांच्या डोक्यातच असते. उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले, तर मुलाने कोणाच्या दारात जाऊन काय मागायचे? दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकरामधील २८२ वी आयत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. ती आपण पठण करतो. वही मात्र घालत नाही. (करापायी वही लपविणाऱ्यांविषयी पुन्हा कधीतरी.)

प्रेषित मुहम्मद (स.) तरुणपणी आदरणीय खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन सीरियाला गेले, तेव्हा मोबदला आधी ठरला होता. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्याचे प्रमाण आधीच निश्चित, या कराराला फिकहमध्ये मुदारबा म्हणतात. परक्याशी चालणारा हा करार पोटच्या पोराशी का नको?

आमची सूचना साधी आहे. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी मुलाची मजुरी किंवा नफ्यातील हिस्सा दोन साक्षीदारांसमोर लिहावा. उधारीची वही त्याच्या हाती द्यावी. घरात बी.कॉम. झालेली मुलगी असेल, तर खतावणी तिच्याकडे सोपवावी आणि तिचाही मोबदला त्याच कागदावर लिहावा.