आजीची पुरचुंडी

मागच्या दिवाळीत आजीने झेंडूच्या बियांची पुरचुंडी दिली. मी ती गॅसवरच्या कपाटात टाकली आणि विसरले. मार्चमध्ये आजी गेली. जूनमध्ये बाल्कनीत बिया पेरल्या. रिझल्ट शून्य!

चूक माझीच. बी झोपलेलं असलं तरी जिवंत असतं. ऊब आणि दमट हवा लागली की त्याची आतली शिदोरी भराभर संपते. जाणकारांचा साधा हिशेब आहे: बियांतला ओलावा १ टक्क्याने उतरवा, आयुष्य साधारण दुप्पट; तापमान ५ अंशांनी उतरवा, पुन्हा दुप्पट.

तेव्हा दोस्तांनो, बिया सावलीत खडखडीत वाळवा. कागदी पाकिटात भरा, वर तारीख लिहा. घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवून बरणी फ्रिजमध्ये. आणि हो, बाहेर काढल्यावर गार बरणी लगेच उघडू नका, बियांना ओल धरते.

पुरचुंडीत दहा बिया उरल्या होत्या. ओल्या टिश्यूत गुंडाळून ठेवल्या. आठवड्याभरात दोन उगवल्या. दोनच! पण दसऱ्याला दारावर लागलेली चार फुलं आजीचीच होती.

यंदाच्या बिया बरणीत आहेत.