गिटार लेकीच्या हातात देऊन बघा

"मला इलेक्ट्रिक गिटार हवी," लेक म्हणाली आणि आमच्या कुडव्याच्या घरात सगळे गप्प झाले. "पोरीच्या जातीला हे कशाला?" सासूबाईंनी विचारलंच. मुलाला मोटारसायकल घेतली तेव्हा मात्र 'कशाला' कुणी विचारलं नव्हतं!

मग मीच चौकशी केली. आधी साधी गिटारच शिकावी लागते असं मुळीच नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बहुधा बारीक असतात, नवख्या बोटांना दाबायला उलट सोप्या. मात्र तिचं अंग बहुधा भरीव असतं. तारांची थरथर चुंबकाचे पिकअप पकडतात आणि आवाज निघतो अँप्लिफायरमधून. म्हणून सगळे पैसे गिटारवरच घालू नका. छोटा अँप, केबल आणि ट्यूनरसाठी बाजूला ठेवा. हेडफोन लागणारा अँप घेतला तर शेजारीही खूश! तारा जिथे अडकवतात तो ब्रिज पक्का बसवलेला बघा. हलत्या ब्रिजवर सूर जुळवणं नवख्याला जड जातं.

आणि बायका हे वाजवत नाहीत म्हणणाऱ्यांना सांगा, अमेरिकेच्या सिस्टर रोझेटा थार्प १९४० च्या दशकातच इलेक्ट्रिक गिटार गाजवत होत्या. २०१८ साली त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला.

मैत्रिणींनो, साडीसुद्धा आपण पदर उलगडून, अंगाला लावून घेतो. मग गिटार केवळ रंग बघून कशी घ्यायची? लेकीला दुकानात बसवा, मांडीवर घेऊ द्या, वजन पेलतं का, हात पुरतो का ते तिलाच ठरवू द्या. निवड तिची असली, तर रियाजही तिचाच होईल.